खाडीवरचे पंप

माहीम,
९ सप्टेंबर १९५६

अच्युत,

शुक्रवारी दुपारी खाडीवर दोन ट्रक आले आणि तू बसवलेले दोन्ही पंप उचलून घेऊन गेले. हरतालिकेचा दिवस, मी शाळेत होते. कोळीवाड्यातली दुर्गा धावत आली आणि वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली, "मास्तरीणबाय, तुज्या भावाची मशिना नेली." मुलींना तसंच सोडून मी तिच्याबरोबर गेले. तोवर ट्रकचे मागचे फळके लावून झाले होते. मुकादमाला विचारलं, कुणाच्या हुकमाने. त्याने कागद पुढे धरला. खाली सही तुझी.

जानेवारीत तू मला तुझ्या घरची पायरी चढू नकोस म्हणालास. तेव्हापासून मी गिरगावात पाऊल टाकलेलं नाही, म्हणून हे पत्र. तसं नसतं तर आज मी तुझ्या दारात असते आणि चाळीतल्या चार मजल्यांना ऐकू गेलं असतं.

एप्रिलमध्ये तू इथे कामासाठी आलास. मिठी नदी खाडीला मिळते तिथे बांधावर उभा राहून तू या लोकांना समजावलंस. गिरण्यांचं आणि कातडी कमावणाऱ्यांचं घाण पाणी नदीत येतं, त्यातली कूज पाण्यातली हवा खाऊन टाकते, मासा गुदमरून मरतो. पंपाने पाणी वर उचलायचं, झारीसारख्या भोकाभोकांच्या नळांतून उडवायचं, म्हणजे पडताना ते हवा घेऊन पडेल. सोपं सांगितलंस. मलासुद्धा पटलं. पंपाच्या खोलीला काठावरची जागा हवी होती आणि ती त्यांची बोंबील वाळवायची जागा होती. म्हातारे नाही म्हणत होते. तू गेल्यावर मी महिनाभर एकेका घरी जाऊन बसले. आपल्या आत्याकडे गिरगावात दुर्गाची सासू खाडीतल्या शिंपल्यांतली कालवं घेऊन यायची, त्या ओळखीवर दुर्गाने माझं ऐकलं आणि दुर्गाचं बाकीच्या बायकांनी. वाळवणाच्या काठ्या उपटल्या, जागा मोकळी करून दिली. आता तिथे कुलूप घातलेली रिकामी खोली आहे आणि कुलूप तुमच्या खात्याचं आहे.

इथे दाराशी टांगलेली पितळेची घंटा चार दिवसांत काळी पडते. माणसांच्या छातीत काय होत असेल ते तू सांग, शिकलेला तू आहेस.

पंप कुठे नेले, कशासाठी नेले आणि परत कधी येणार, याचं उत्तर दे.

कालिंदी


गिरगाव,
१५ सप्टेंबर १९५६

ती. कालिंदीताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पावले. तू संतापाच्या भरात लिहिले आहेस, तेव्हा त्यातल्या भाषेबद्दल काही म्हणत नाही.

पंप हलवले हे खरे. पण ते कायमचे गेलेले नाहीत. दादरला नव्या चौकात नगरशोभा मंडळाने कारंजे बांधायला घेतले आहे. मंडळाचे अध्यक्ष रमाकांतराव. बांधकामाचे मोठे कंत्राटदार, तू नाव ऐकले असशील. येत्या एक नोव्हेंबरला नवे राज्य सुरू होत आहे, त्या संध्याकाळी रंगीत दिव्यांसकट कारंजे सुरू करायचे ठरले आहे. नवे पंप मागवायचे तर परवान्यातच वर्ष जाईल. आमचे दोन खाडीवर बसून होते. पावसाळ्यात नदी आपोआप वाहती असते, तेव्हा तिला पंपाची गरज नाही, असा अभिप्राय मी दिला आणि तो चुकीचा नाही. जानेवारीत पंप माहीमला परत येतील.

तू त्या लोकांत फार गुंतली आहेस. त्यांना धीर धरायला सांग. आणि कारंज्याचा एवढा तिटकारा कशाला? शहराला थोडी शोभाही लागते. मुले बघतील, दमलेली माणसे संध्याकाळी कठड्यावर बसतील. त्यात वाईट काय?

सुनेत्रा नमस्कार सांगते.

तुझा,
अच्युत


माहीम,
१९ सप्टेंबर १९५६

अच्युत,

तुझं पत्र घेऊन मी दादरला गेले. म्हटलं, शोभा बघून यावी.

घडीव दगडाचं गोल टाकं बांधलंय. मध्ये चौथरा, त्यावर दगडाचे आठ मासे, तोंडं वर करून. त्या तोंडांतून पाणी उडणार. गवंड्याने मला कौतुकाने दाखवलं, "बाई, खवलेसुद्धा कोरलेत." खाडीतले खरे मासे मरू द्यायचे आणि त्यांची मशिनं आणून दगडाच्या माशांच्या तोंडी लावायची, ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी माफ केलं असतं, कारण त्याला माहीत नसेल. तुला माहीत होतं.

पावसाळ्यात नदीला पंपाची गरज नाही म्हणतोस. बरोबर. एप्रिलमध्ये बांधावर तू हेच म्हणाला होतास आणि पुढचं वाक्यही म्हणाला होतास. पाऊस थांबला की पाणी साचतं, ऑक्टोबरपासून खरी लढाई. म्हणजे नको तेव्हा पंप इथे होते आणि हवे तेव्हा दादरला असणार. हा अभिप्राय द्यायला इंजिनियर लागतो, नाही का? साध्या माणसाला एवढं नेमकं खोटं लिहिता आलं नसतं.

आणि नवं राज्य कुणाचं रे? मुंबईसकट महाराष्ट्र मागितला, तर द्वैभाषिक गळ्यात मारलं. गेल्या नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनपाशी माणसं गोळ्या खाऊन पडली, त्याला अजून वर्षही झालेलं नाही. जानेवारीत लालबाग-परळमध्ये घराघरांतून रडणं होतं. त्याच गावात तुम्ही लाल-हिरव्या दिव्यांचं पाणी उडवणार आणि दमलेल्या माणसांना म्हणणार, बसा कठड्यावर.

दुर्गाला मी काय सांगायचं? काल मी तिला म्हटलं, जानेवारीत येतील. ती कालवं फोडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "आमी जागा मशिनीला दिली. मशीन नाय तर जागा परत दे. आनि तुला नाय देता येत तर तुज्या भावाला हितं आन." तिच्या पाटीत होती तेवढी कालवं एका ताटलीत मावली असती.

मी आणते म्हणून तिला सांगितलंय. रविवारी ये. जे लिहिलंस ते तिच्या तोंडावर सांग.

कालिंदी


गिरगाव,
२८ सप्टेंबर १९५६

ताई,

रविवारी आलो नाही, येणारही नाही. तुझं पत्र सुनेत्राने वाचलं. ती म्हणाली, खरं काय ते एकदा लिहून टाका, नाहीतर ह्या रोज एक पत्र पाठवतील. तर ऐक.

शशीवर केस आहे हे तुला माहीत आहे. जानेवारीत लालबागला रमाकांतरावांच्या गोदामाच्या काचा फुटल्या. फिर्याद त्यांची, साक्षीदार त्यांचाच पहारेकरी, आणि त्याने ओळख पटवली ती शशीची, कारण गुडघा फुटून रस्त्यात पडलेला तो एकटाच होता. बाकीचे पळाले. शिक्षा झाली तर माझ्या धाकट्या भावाला सरकारी सोडा, कुठल्या पेढीतसुद्धा कुणी उभं करणार नाही. आधीच एक पाय ओढत चालतो. बावीस वर्षांचा आहे.

ऑगस्टमध्ये रमाकांतरावांनी मला बोलावलं. चहा दिला. म्हणाले, "तुमचे पंप मोकळे आहेत असं ऐकतो." मग म्हणाले, "तुमच्या भावाचं नाव परवाच कागदात वाचलं. पोरकटपणा असतो त्या वयात. आम्ही काही कुणाचं आयुष्य बिघडवायला बसलेलो नाही." यापलीकडे एक शब्द नाही. मी घरी आलो आणि अभिप्राय लिहिला. कारंजं एकदा सुरू झालं की ते फिर्याद मागे घेतील.

आता तू मला विचारतेस, शिकलेल्या माणसाने असं कसं लिहिलं. मी तुला विचारतो, शशी त्या दिवशी लालबागला कसा पोचला? तो घरात जेवत होता. तुझा निरोप आला, आम्ही शाळेतल्या बायका मोर्चाला निघालोय, तू येतोस का. पानावरून उठला. संध्याकाळी मी त्याला इस्पितळात शोधत फिरत होतो, एकेका खाटेवरची चादर बाजूला करून. तू तेव्हा घोषणा देऊन घसा बसला म्हणून घरी गरम पाणी पीत होतीस. म्हणून तुला माझ्या पायरीवर बंदी केली. आज पुन्हा करीन.

त्या कोळणीच्या कालवांचं मला वाईट वाटतं. पण माझ्या घरातला मुलगा आणि तिची कालवं यांत मी घरातला मुलगा धरला. तूही तेच केलं असतंस.

शशीला यातलं काही माहीत नाही. त्याला सांगू नकोस.

अच्युत


माहीम,
६ ऑक्टोबर १९५६

अच्युत,

एक गोष्ट कबूल. शशीला मीच बोलावलं. त्याचा गुडघा मी रोज आठवते, त्यासाठी तुझ्या पत्राची गरज नव्हती.

पण एक सांग. शशीच्या पायाचा हिशेब माझ्याशी होता, रमाकांतरावाशी होता. दुर्गाशी कुठे होता? ती मोर्चात नव्हती. तिने काच फोडली नाही. तुला माझा राग, रमाकांतरावाची भीती, आणि दोन्हींची भरपाई तू तिच्या काठावरून उचललीस, कारण ती तुझ्या ऑफिसात येऊन विचारणार नाही हे तुला ठाऊक होतं. तुझ्या जागी मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. कदाचित हेच केलं असतं. पण मग "शहराला शोभा लागते" असं वर लिहिलं नसतं.

काल मी घोडपदेवला गेले, शशीकडे, आणि त्याला सगळं सांगितलं. तू नको म्हणालास तरी सांगितलं. ज्याच्या नावाने सौदा झाला त्याला तो कळायला हवा. तो स्टोव्हवर भात लावत होता. ऐकून घेतलं, भात उतरवला, मला वाढला आणि स्वतः न जेवता गॅलरीत जाऊन उभा राहिला. तुला लिहील असं वाटतं.

कालिंदी


घोडपदेव,
८ ऑक्टोबर १९५६

दादा,

ताई येऊन गेली. तू माझ्यासाठी केलंस हे समजतं मला. पण मला विचारायचं तरी होतंस. मी काय कुकुलं बाळ आहे?

जानेवारीत माझ्या बाजूला एक माणूस पडला. गिरणीतला असणार, अंगावर सूत होतं. त्याने माझा हात धरला होता आणि मग सोडला. त्याच्यानंतर मी असा सुटणार, की रमाकांतरावाने चहा पाजला आणि माझ्या भावाने कोळ्यांची मशिनं त्याला देऊन टाकली? हे मी इथल्या पोरांना काय सांगू? इथे सगळ्यांना वाटतं मी ताठ आहे.

काच मी फोडली नाही. ते कोर्टात सांगीन. मोर्चात होतो, तेही सांगीन. त्यावर काय व्हायचं ते होऊ दे. तू पंप परत पाठव. नाही पाठवलेस तर फिर्याद मागे घेतली तरी मी तुझ्याकडे राहायला येणार नाही, हे लिहून ठेव.

वहिनीला नमस्कार.

शशी


गिरगाव,
१६ ऑक्टोबर १९५६

ताई,

शशीचं पत्र आलं. तुला हवं होतं ते झालं.

तो काहीही लिहो, फिर्यादच मागे गेली तर कोर्ट त्याला बोलायला उभं करणार नाही. म्हणून एवढी एक तारीख पार पडू दे. पंप आता बसवून झाले आहेत, दिवे झाले आहेत. मी मध्ये काही केलं तर पंपही मिळणार नाहीत आणि मुलगाही जाईल. मला शिव्या देऊन झाल्या असतील तर हे समजून घे.

आणखी एक काम आहे. लिहायला संकोच वाटतो, पण रमाकांतरावांनी मलाच सांगितलं, कारण माझी बहीण माहीमला शिकवते हे त्यांना कुणीतरी कळवलंय. उद्घाटनाला कोळणींचा नाच ठेवायचा आहे. आठ-दहा बायका, आपल्या वेषात. मंडळातर्फे प्रत्येकीला साडी मिळेल. तू शब्द टाकलास तर येतील. रमाकांतराव खूश झाले तर पंप जानेवारीऐवजी डिसेंबरात मागून घेता येतील.

हे वाचून तू चिडशील. पण विचार कर.

अच्युत


माहीम,
२३ ऑक्टोबर १९५६

अच्युत,

विचार केला. शशीलाही विचारलं आणि दुर्गालाही.

बायका येतील. आठ-दहा नाही, चाळीसएक असतील. साड्या नकोत, त्या आपली लुगडी नेसून येतील. डोक्यावर हंडे असतील, नाचाला लागतात. चालतच येणार आहेत. दारावरच्या माणसांना सांगून ठेव, म्हणजे कुणी अडवणार नाही.

मीही त्यांच्याबरोबर असेन.

कालिंदी


गिरगाव,
६ नोव्हेंबर १९५६

ताई,

तुम्हा बायकांना चौकीतून त्याच रात्री सोडलं, हे शशीकडून कळलं. म्हणून लिहितो.

मी खरंच समजलो होतो की तू नमलीस. तुझं पत्र मी सुनेत्राला वाचून दाखवलं, बघ, ताईला व्यवहार कळतो म्हणून. दारावर जाऊन स्वतः सांगून आलो की कोळणी आल्या की वाट द्या.

तू टाक्यापाशी होतीस. मी खाली पंपाच्या खोलीत होतो, तेव्हा माझ्याकडून काय दिसलं ते सांगतो. त्या खोलीला जमिनीलगत एक जाळीची खिडकी आहे. त्यातून मला नुसते पाय दिसत होते. आधी पाहुण्यांचे बूट. मग भाषण झालं, टाळ्या झाल्या, वरून इशारा आला आणि मी बटण दाबलं. पाणी चढलं. लोक "वा" म्हणाले. खरं सांगतो, ऐकून मला बरं वाटलं. मी आणलेलं मशीन होतं.

मग वाद्यं वाजायला लागली आणि अनवाणी पाय आले. पैंजण, हळदीचे पाय, लुगड्यांचे काठ. दोन फेऱ्या नाचल्या असतील. मला वाटलं, छान चाललंय. मग एकदम पाय टाक्याकडे वळले आणि वरून ओतल्याचा आवाज यायला लागला. एक हंडा, दुसरा, मग एकसारखा. काय चाललंय ते मला कळायच्या आधी वास आला.

पंप बसवून गेल्यापासून मी तो वास घेतला नव्हता. ऑफिसात बसून अभिप्राय लिहिताना तो येत नाही.

तुम्ही नुसतं खाडीचं पाणी आणलं नव्हतंत, खाली गाळ होता. दुसरा कुठला पंप असता तर गाळ अडकून जागच्या जागी थांबला असता. हे खाडीसाठीच मागवलेले. त्यांनी सगळं ओढलं आणि वर फेकलं. दगडाच्या माशांच्या तोंडांतून, लाल दिव्यात, हिरव्या दिव्यात, काळं पाणी. पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर पडलं. बूट इकडेतिकडे पळायला लागले. बायकांचे पाय मात्र जागेवर होते.

रमाकांतराव वाकून खोलीच्या दारात आले. चेहऱ्यावर शिंतोडे होते. म्हणाले, "बंद करा." माझा हात बटणापाशीच होता. ते पुन्हा म्हणाले, "अहो, बंद करा, ऐकू येत नाही का?" मी म्हटलं, "पाण्यात हवा जातेय, साहेब. त्यासाठीच आहे हे." का म्हणालो माहीत नाही. मग मी हात खिशात घातला. ते म्हणाले, "भाऊ आठवतो ना तुमचा?" मी हात बाहेर काढला नाही. शेवटी त्यांचा माणूस मला ढकलून आत आला, पण त्याला कुठलं बटण ते कळेना आणि मी सांगितलं नाही.

कालपासून मी कामावरून निलंबित आहे. फिर्याद अर्थातच तशीच आहे. सुनावणी डिसेंबरात. सुनेत्रा माझ्याशी बोलत नाही, तुझ्याशी तर जन्मात बोलणार नाही.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. एवढंच कळवायचं होतं की बटण न दाबणारा तो हात माझा होता.

अच्युत


माहीम,
११ नोव्हेंबर १९५६

अच्युत,

हात खिशात घातलास, वाचलं. चांगलं केलंस. तेवढ्यावर मी तुझी आरती करावी अशी अपेक्षा असेल तर ती सोड.

पंप कुठे आहेत? ऐन दिवाळीत सगळ्या चौकाला वास मारत होता, दुकानदारांनी तक्रारी केल्या, टाकं उपसलं, हे सगळं पेपरात आलं. पंपांचं कुठे काही नाही. इथे पाणी पुन्हा काळं पडलंय. परवा सकाळी बोय मासे पोटं वर करून काठाला लागले, मुठीएवढे. मुलं काठीने ढकलत होती.

दुर्गाला चौकीवर बसवलं तेव्हा तिने मला एकच प्रश्न विचारला. "आता तरी मशिना येतील ना?" मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा हो म्हटलंय मी तिला, दोन्ही वेळा तुझ्या जिवावर. आता तुला नोकरी नाही म्हणजे वेळ आहे. पंप शोध आणि घेऊन ये.

शशीच्या सुनावणीला मी तुझ्या शेजारी बसेन. तू उठून गेलास तरी बसेन.

कालिंदी


माहीम,
१७ फेब्रुवारी १९५७

चि. शशी,

ठाण्याच्या तुरुंगात तुला भेटायला आलो तेव्हा जाळीतून धड बोलता आलं नाही. मधे तो शिपाई. म्हणून लिहितो.

तू कोर्टात जे बोललास ते मी रोज आठवतो. "काच मी फोडली नाही. मोर्चात होतो. पुन्हा निघाला तर पुन्हा जाईन, पाय आहे तसा घेऊन." शेवटचं वाक्य नसतं तर दंडावर सुटला असतास असं वकील म्हणाले. मी त्यांना म्हटलं, ते वाक्य त्याला बोलू द्यायचं होतं. तेव्हा ताई माझ्या शेजारी होती. निकाल ऐकून ती उठली नाही, तिच्या हातात माझ्या शर्टाची बाही होती, तीच तिने पिळून काढली. बाहेर आल्यावर रमाकांतरावांचा पहारेकरी समोर दिसला. ताई त्याच्यापाशी गेली. मला वाटलं आता काही तरी होतं. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि तो खाली बघायला लागला.

आता पंप. दोन्ही त्या चौकाच्या मागे ताडपत्रीखाली पडले होते. मंडळाला ते डोळ्यांसमोर नको होते आणि खात्याला घ्यायचे नव्हते, कारण कागदावर माहीमचं काम बंद झालंय. ते माझ्याच अभिप्रायाने बंद झालंय. मी खात्यातल्या आमच्या साहेबांच्या घरी गेलो. म्हटलं, मी निलंबित आहे, माझं काही मागणं नाही, पण ते पंप गंजतायत. ते बराच वेळ पेपर वाचत राहिले. मग म्हणाले, "मला यातलं काही माहीत नाही." माहीमच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवून आत गेले. एवढी परवानगी मला पुरली.

कोळीवाड्यातल्या लोकांनी ट्रक आणला. बसवायला आठवडा गेला. गाळ काढला, नळांची भोकं मोकळी केली. हात सोलले, खोटं कशाला सांगू. कुणी मला पाणी विचारलं नाही. ताई शाळा सुटली की यायची, बांधावर बसायची आणि मी पाना कसा धरतो त्यावर बोलायची. अजूनही आमचं भांडण होतं. परवा जानेवारीवरून झालं, ती म्हणाली मी निरोप पाठवला त्याची लाज नाही, शशीच्या मागोमाग धावले नाही त्याची आहे.

सोमवारी पंप सुरू केले. फेस आला, पांढरा नाही, चहासारखा. सगळी खाडी सुधारेल असं समजू नकोस. वरून गिरण्या सोडतात ते सोडतातच, ते बंद झाल्याखेरीज दोन पंप काय करणार? त्या भांडणाला आता कुणीतरी लागलं पाहिजे आणि मला तरी दुसरा उद्योग नाही. पण नळांच्या आसपास, दगड फेकला तर पोचेल एवढ्या टापूत, वास कमी आहे. काल तिथे बोयची पिल्लं दिसली. मी ताईला दाखवली. ती म्हणाली, "मला दिसतात, बोट नको दाखवूस, पळतील."

दुर्गा रोज येऊन बघते. माझ्याशी बोलत नाही, ताईकरवी बोलते, मी समोर असलो तरी. काल म्हणाली, "खोली वाळवनाच्या जागंत तीन हात पुढं आलीय, त्याला सांग मागं घे." मी भिंत पाडून मागे घेतोय. आज ती थेट माझ्याकडे आली. पहिल्यांदाच. म्हणाली, "मशिनीजवल कोनीतरी बसाया पायजे. रातदिस. तू नको. तुजा काय भरोसा, उद्या तुला परत कामावर घेतील नि हुकूम आला की उचलून नेशील."

मी म्हटलं, "मग कोण पाहिजे?"

"ज्याला कोनी फोडनार नाय असा."

मी म्हटलं, "एक आहे. माझा भाऊ. पण पायाने लंगडा आहे आणि सध्या तुरुंगात आहे."

ती म्हणाली, "कशापायी?"

मी सांगितलं. सगळं. चहापासून.

ती ऐकत उभी राहिली. मग पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "मंग तोच बरा. सुटला की धाड."

दादा